आढ्याला टांगलेली परडी

मी धुळाप्पा, बाप्तिस्म्याचे नाव दानिएल, वय अंदाजे सदुसष्ट, जात कैकाडी, धंदा टोपल्या विणणे, राहणार सोलापूर, तारेच्या कुंपणातली गुन्हेगार जमातींची वस्ती. मी शुद्धीवर आहे, दारू सोडून सोळा वर्षे झाली, कोणाची जबरदस्ती नाही. चाळिशीत मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलो. लिहिलेले तीनदा वाचले आहे, तरी चूक राहिलीच असेल.

१. खोली सरकारची. वरचे सात पत्रे माझे. ते धाकटी बहीण ईरम्मा हिला द्यावेत. काढताना फार हळू काढावेत. कारण पुढे आहे.

२. कोयता आणि काड्या सोलायची सुरी पुतण्या निंगप्पाला. सुरीची मूठ सैल आहे, बोट जपावे. रविवारचा काळा कोटही त्यालाच. ईरम्माच्या अंगात वारे येते, ती सुपात दाणे टाकून लोकांची दुखणी सांगते, ही चहाडी वस्तीच्या साहेबांकडे त्यानेच केली. कोटाच्या खिशाला भोक आहे. ते शिवून देऊ नये.

३. आता परडीचे. आमची देवी म्हणजे कापडात गुंडाळलेला गोटा, झाकण शिवलेल्या परडीत. जिच्या अंगात वारे येते तिनेच परडी उघडायची, पुरुषाने नाही. चौदा वर्षांपूर्वी साहेब म्हणाले, परडी आणून द्या, नाहीतर तरवडाच्या काड्या तोडायला बाहेर जायचा पास बंद. पासाशिवाय काड्या नाहीत, काड्यांशिवाय भाकर नाही. मी ईरम्माला न सांगता दुसरी परडी विणली, आत ओढ्यातला गोटा ठेवला, जुनी दिसावी म्हणून धुरी दिली. देवीच्या परडीची बुडातली पहिली काडी उलटी घालतात, हीच आमची खूण. पण हाताला सवय. खोट्या परडीतही ती उलटीच गेली. हजेरीची घंटा झाली, घाईत दोन्ही उचलल्या, आणि कोणती दिली ते मला आजतागायत माहीत नाही. एक साहेबांच्या अंगणात जळाली. दुसरी आढ्याला आहे.

परडी जळताना पाहून ईरम्मा एवढेच म्हणाली, "अण्णा, तुजा येशू तुज्याशी बोलतो तरी का रं?"

पण पुढच्या अमावास्येला तिच्या अंगात वारे आलेच. आता साहेबांच्या खानसाम्याची बायकोसुद्धा लपून येते. देवी जळाली, तर वारे येते कुठून? जळाली नाही, तर इतकी वर्षे उपाशी राहून ती कोपली कशी नाही? हे पाद्रीसाहेबांना विचारायची सोय नाही.

परडी ईरम्माला द्यावी. तिने उघडून पाहावी.

४. वरचे लिहून होते तोच ईरम्मा आली. धीर करून तिला सगळे सांगितले. ती हसली.

"म्हाईत हाय की. दर ऐतवारी तू चर्चात गेलास की धूप दावतीया. न्हायतर वाळवीनं खाल्ली असती."

"उघडलीस?"

"व्हय."

"मग आत काय हाय?"

"चौदा सालं तू सांगितलं न्हाईस. आता आदी मर, मंग सांगते."

म्हणून कलम तीन खोडावे. परडी तिचीच आहे, मी देणारा कोण? माझी अट एकच. मला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी तिने उशापाशी येऊन, आत काय निघाले ते मोठ्याने सांगावे. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्या बाजूला बसावे.

सही: धुळाप्पा (दानिएल)

साक्षी: शिवयोगी, गिरणी कामगार (सही). चन्नम्मा, शेजारीण (अंगठा). ईरम्माला पत्रे मिळणार म्हणून तिचा अंगठा चालत नाही, असे समजले.

सोलापूर, ता. ११ नोव्हेंबर १९३४