चिठ्ठीत आलेली बाजू

४ मे, रविवार

चिठ्ठी उघडली – ‘प्रकल्पाच्या बाजूने’. माझ्याच वाट्याला!

लखनौच्या मराठी मंडळाच्या वादसभेचा या वेळचा विषय : कोकणातील सड्यांवर सौरप्रकल्प व्हावेत काय? तो सुचवला चिटणीस चंद्रकांतने, आणि माझ्याकडे पाहून सुचवला. निवेळचे नाव हल्ली वर्तमानपत्रांत येते. गावाच्या डोक्यावरच्या उघड्या जांभ्या दगडाच्या पठारावर, म्हणजे आमच्या सड्यावर, एका कंपनीला सौर पॅनेल अंथरायची आहेत. मधोमध माझ्या धाकट्या भावाची, दत्तूची जमीन. तो देत नाही, म्हणून काम अडले आहे. मी मनाने पूर्णपणे दत्तूच्या बाजूचा, हे मंडळात सर्वांना ठाऊक.

चंद्रकांत म्हणाला, “सर, अब आप फँस गए!”

फसण्याचा प्रश्नच नाही. मी तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले आहे. शिवाय नियम माझाच : बाजू चिठ्ठी ठरवील, मिळेल ती पूर्ण ताकदीने मांडायची, आणि सभेत वा सभेनंतर ‘माझे खरे मत निराळे आहे’ असे म्हणायचे नाही. ते वाक्य म्हणजे पळवाट. नियमाला आजवर एकानेही बाध आणलेला नाही. मी तर आणणारच नाही.

७ मे

उष्मा असह्य. वीज गेली की लिफ्ट बंद, आणि लिफ्ट बंद झाली की मी बंद. चौथा मजला, पायात सळई. हिवाळ्यात न्हाणीघरात पडलो तेव्हापासून जिना मला वर्ज्य आहे.

प्रतिज्ञा : मी या घरात कैदी नाही. हेतू : दार उघडे आहे. – हेत्वाभास! ज्याला दारापलीकडचा जिना उतरता येत नाही, त्याचे दार उघडे असून काय सिद्ध होते?

सरोजिनी नगरची ही इमारत विमानांच्या वाटेखाली आहे. अमौसीच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांची चाके गच्चीवरून दिसतात, असे नात जुई सांगते. मी गच्चीवर गेलेलो नाही.

परंतु जूनच्या पहिल्या आठवड्यात निवेळ! प्रसन्नने अखेर मान्य केले. मुलगा माझाच; अट घालूनच मान्य केले. “काका तिथे आहेत म्हणून जाऊ देतोय, बाबा. एकटे राहणार असाल तर नाही. हा विषय परत काढायचा नाही.” अट न्याय्य आहे. दत्तूने माजघराशेजारची खोली सारवून ठेवली आहे. फोनवर म्हणाला, “दादा, ये तू. पायरी उतरायची नाही अशी व्यवस्था केलीय.”

११ मे, रविवार

मंडळातल्या कल्पनाबाईंकडे आंबरसाचे जेवण. आंबे मलिहाबादचे, तक्रारी कोकणच्या. मग नेहमीचा वाद : किनाऱ्यावरचे सर्वांत चांगले गाव कोणते?

कल्पनाबाई वेंगुर्ल्याच्या. “आमच्या बंदरावर उभं राहिलं ना, की दुसरं काही बघावंसं वाटत नाही.”

“म्हणूनच चाळीस वर्षं लखनौ बघताय,” नरेंद्र म्हणाला. तो वनस्पतिशास्त्रज्ञ, येथल्या संशोधनसंस्थेत वरच्या पदावर, मालवणचा. वादसभेत माझा प्रतिपक्षी तोच.

“तुमचं मालवण तर पर्यटकांनी खाऊन टाकलं! मासळीपेक्षा मोटारी जास्त!”

“खाऊ दे. तुमच्याकडे खायलाही कुणी येत नाही.”

चंद्रकांतला हर्णैखेरीज गाव माहीत नाही. मी निवेळ म्हटले, तेव्हा त्याने विचारले, “सर, तिथे आहे काय पण?”

“काही नाही. तेच त्याचे वैशिष्ट्य.”

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

१५ मे

भाषणाची मांडणी करतो आहे. पहिले तीन मुद्दे वीजपुरवठ्याचे. ते कोणीही मांडील. चौथा सापडत नव्हता. आज दुपारी सापडला. चांगला आहे – फारच चांगला! असा मुद्दा आपल्या खऱ्या बाजूसाठी कधी सुचत नाही, हे विचित्र.

१८ मे, रविवार

वाद जिंकलो.

नरेंद्र उत्तम बोलला. सड्यावर पावसाळ्यात उगवणारी, चार महिन्यांत आयुष्य संपवणारी इवली झाडे. दगडातच अंडी घालणारी टिटवी. कातळाच्या भेगांतून मुरून खालच्या विहिरींना पोचणारे पाणी. “ओसाड म्हणून ज्याची नोंद केली, ते ओसाड नाही. बघायला गुडघ्यावर बसावं लागतं, एवढंच.” टाळ्या.

प्रघाताप्रमाणे मी आधी त्याचेच म्हणणे मांडले, त्याच्याकडून “मान्य” वदवून घेतले, आणि खंडनाला लागलो. दुसऱ्या मुद्द्यावर असताना वीज गेली. पंखे थांबले, हॉलमध्ये एकच “अरे यार!” उमटले. मी थांबलो नाही. म्हणालो : “आत्ता वीज गेली. आपणांपैकी एकानेही ‘बरे झाले, कुठला तरी सडा वाचला’ असे म्हटले नाही.” त्यावर हशा.

मग चौथा मुद्दा. तो येथे उतरवून ठेवतो.

“आपले आवडते गाव म्हणजे जेथे आपण राहत नाही ते गाव. ते होते तसेच राहावे ही इच्छा आपली. तसे राखण्याचे श्रम दुसऱ्याचे. आपण निघून आलो, कोणी एक मागे राहिला. त्याने कौले शाकारावी, विहीर उपसावी, मुलाबाळांवाचून ओस पडलेल्या घरांना दिवा दाखवावा. आपण चार वर्षांनी जावे आणि म्हणावे, ‘वा, काही बदललं नाही!’ ते बदलू नये म्हणून त्याचे आयुष्य खर्ची पडले, हे आपल्या लक्षात येत नाही. ज्याला गाव सोडता आले, त्याने न सोडलेल्याला ‘गाव जप’ असे सांगणे याला मी संवर्धन म्हणत नाही. ती बिनपगारी राखणदारी आहे.”

कल्पनाबाईंनी डोळे पुसले. मते मोजण्याचीही गरज उरली नाही.

नरेंद्र निघताना म्हणाला, “सर, खरं सांगा, तुम्हाला हे पटतं?”

“नियम,” मी म्हणालो.

१९ मे

जुई कॉलेजातून आली ती ओरडतच. “आजोबा, आप तो छा गए!” चंद्रकांतने भाषण मोबाइलवर टिपले होते आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकले. तेथून ते कोठे कोठे गेले. त्याने केवळ चौथा मुद्दाच ठेवला आहे. आरंभ नाही, चिठ्ठी नाही, नरेंद्र नाही. पडद्यावर मी, आणि खाली : ‘निवेळचे ज्येष्ठ सुपुत्र’!

२१ मे

दत्तू फोन उचलत नाही.

२२ मे

उचलत नाही.

२३ मे

निवेळहून सरलावहिनींचा फोन. चुलतभावाची बायको, जीभ पहिल्यापासून धारदार.

“भावोजी, काय हो हे! कंपनीच्या माणसाने देवळासमोर पडदा लावून तुमचं भाषण दाखवलं. एवढे मोठे दिसत होता तुम्ही! लोक म्हणाले, सरांच्या घरचाच सरांचं ऐकत नाही.”

“दत्तू होता?”

“मागे खांबाला टेकून. दोनदा दाखवलं, दोन्ही वेळा उभाच. मग उठून – नाही, उभाच होता – मग चालता झाला. आमच्याशीही बोलत नाही. तुम्हाला तिकडे गार हवेत बसून बोलायला काय जातं?”

गार हवा! सकाळपासून वीज नव्हती. तो प्रतिवाद मी केला नाही.

प्रसन्न जेवताना म्हणाला, “काका रागावले असतील तर जूनचं काय करायचं? मी अशा परिस्थितीत तुम्हाला सोडून येणार नाही, बाबा.” सून हिमानी मूळची अल्मोड्याची, मराठी ती हौसेने शिकली. ती हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही त्यांना सरळ सांगा ना, की ते सगळं चिठ्ठीचं होतं.”

सरळ! नियमाला पळवाट नको म्हणून मी ज्यांना ज्यांना गप्प बसवले, त्यांचे चेहरे आठवत बसलो.

२५ मे, रविवार

चंद्रकांतला बोलावले. सांगितले, मी नियम मोडणार आहे. स्वतःच्याच भाषणाचे खंडन करून दत्तूला पाठवणार.

तो हादरला. “सर, आप? तुम्हीच असं केलंत तर उद्या जो तो हरल्यावर म्हणेल, माझं मत वेगळं होतं!”

“म्हणू दे.”

“मी तो व्हिडिओ काढायलाच नको होता. मला वाटलं, सरांचं नाव होईल.” त्याचे डोळे भरून आले. कापलेला भाग जोडून पुन्हा पाठवतो म्हणाला. आता तो कोण पाहणार?

२६ मे

खंडन लिहितो आहे. नरेंद्रचे मुद्दे घेतले : झाडे, टिटवी, पाणी. सर्व खरे, परंतु चौथ्या मुद्द्याला त्यांतील एकही भिडत नाही. झाडे राहावीत – होय. मात्र कोणाच्या आयुष्याच्या मोबदल्यात?

दुसरा प्रयत्न : दत्तू स्वेच्छेने राहिला. दृष्टांत? आई अंथरुणावर होती तेव्हा मला लखनौची नोकरी मिळाली. “तू जा, मी आहे,” असे तो म्हणाला. त्याला दुसरे काही म्हणता आले असते काय?

तिसरा : त्याला गाव आवडते. हे मला कोणी सांगितले? मीच. आवडते गाव कोणते, हे आम्ही येथे दरवर्षी एकमेकांना विचारतो. त्याला मी कधी विचारलेले नाही.

विमानांचा आवाज फार.

२७ मे

जुईसमोर बसून बोललो, तिने टिपले. संपल्यावर ती ओठ चावत राहिली.

“बोल.”

“आजोबा, बुरा मत मानना… इसमें दम नहीं है. पहलेवाला सच लग रहा था.”

“पहिले चिठ्ठीचे होते.”

“तो? लग तो वही रहा था.”

तरीही पाठवायला सांगितले. शेवटी वादाबाहेरचे एक वाक्य घातले : ‘दत्तू, मला यायचे आहे.’ तर्कदृष्ट्या त्याला कशाचाच आधार नाही.

२९ मे

त्याने ते ऐकले आहे, असे जुई म्हणते. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

हिमानीने माझे सामान भरायला घेतले होते. आज ते अर्धे भरलेले तसेच राहिले. विचारले नाही.

३१ मे, शनिवार

दत्तूचा फोन!

रागाचा मागमूस नाही. “रागावलो नव्हतो रे. विचार करत होतो. सवय नाही ना, वेळ लागतो.”

“माझे दुसरे ऐकलेस ना?”

“ऐकलं. ते तू माझ्यासाठी बोललास. पहिलं खरं बोललास.” मग म्हणाला : “देवळापुढं उभा होतो, तर वाटलं, दादाला हे कधीपासून ठाऊक होतं? आणि मला कुणी एवढ्या वर्षांत सांगितलं नाही. मलाही ठाऊक नव्हतं. नुसतं पाठीवर काहीतरी आहे असं वाटायचं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सड्याचा होकार देऊन आलो. सही झाली.”

नरेंद्रची झाडे. टिटवी. पाणी. ज्यावर आम्ही दोघे उताणे पडून तारे मोजत असू, तो कातळ. मी फक्त म्हणालो, “तुझी जमीन, तुझा निर्णय.” भाषणातले वाक्य नव्हते, परंतु त्यातूनच निघत होते.

मग म्हणालो, “ठीक. सडा गेला तरी घर आहे, खोली आहे. मी पुढच्या आठवड्यात येतो.”

त्यावर तो “प्रसन्नला फोन दे जरा,” म्हणाला. प्रसन्न बाल्कनीत जाऊन बोलला, दार लोटून.

माझे जाणे तर नक्की! राग नव्हता, म्हणजे अट शाबूत आहे. हिमानीला सांगितले, सामान पुरे कर.

१ जून, रविवार

प्रसन्नने सकाळी सांगितले. दत्तू निवेळचे घर बंद करून लखनौला येतो आहे. कायमचा. प्रसन्नला म्हणाला, “दादाजवळ राहीन. खूप राखलं. आता जरा कुणीतरी मलाही राखा.”

मी “मान्य” म्हणालो. हिमानी माझ्या खोलीत दुसरी खाट लावते आहे.