नागपूरच्या ताईंचा आवाज

७ नोव्हेंबर १९७९, मोहाडी

भोजराज सांगत आला. बाजारात त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान, त्यामुळे गावभरच्या बातम्या आधी त्याच्याकडे! म्हणाला, नागपूर केंद्रावर संध्याकाळी बायकांच्या कार्यक्रमात ज्या नव्या ताई बोलतात, त्या म्हणजे तुमची निर्मला. नागपूरच्या कोणा गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणे.

सहा वर्षं घरात हे नाव निघालेलं नाही. पोरीने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा माझे थोरले बंधू दादाजी यांनी सगळ्यांना अंघोळी करायला लावल्या — माणूस गेल्यावर करतात तशा.

संध्याकाळी रेडिओ लावला. नुसती खरखर, मधूनच बाईचा आवाज. ताई नाव सांगत नाहीत. पण मला तीच वाटली. बायको, सत्यवती, चुलीपासून उठून आली, दारात उभी राहून ऐकत होती. मग परत चुलीकडे गेली.

९ नोव्हेंबर

साप्ताहिकातल्या माझ्या सदराचा मजकूर आजच्या एसटीने भंडाऱ्याला धाडला. विषय — रेडिओची एरिअल. तार जमेल तितकी उंच, दोन्ही टोकांना चिनीमातीचे गट्टू, विजेच्या तारांपासून लांब. अर्थिंगची सळई ओल्या जागी गाडावी, भोवती मीठ-पाणी घालत राहावं. आधी घरीच करून पाहिलं. खरखर निम्मी झाली!

एवढा खटाटोप कशासाठी, ते मजकुरात नाही.

२१ नोव्हेंबर

धानाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घाला, असं ताईंनी आज सांगितलं. मला हसू आलं. निर्मला कधी कोठीजवळ फिरकली नाही!

तेवढ्यात दादाजी आले. "काहून रे, रोज बायकांचा कार्यक्रम आयकून राहिला? लुगडं आणू काय तुले?" लेखासाठी लागतं, म्हटलं. सत्यवती पदर तोंडाला लावून हसली. पुष्कळ दिवसांनी.

४ डिसेंबर

सत्यवतीला चार पावलं चालली की धाप लागते. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं. मला बाजूला घेऊन आणखीही सांगितलं.

तिची खाट समोरच्या सपरीत, ओसरीला आणली. ट्रान्झिस्टर उशाशी. या आठवड्याचा मजकूर त्यावरच — केंद्र नीट लागत नसेल, तर संच जागच्या जागी फिरवून पाहावा. एका बाजूला आवाज बुडतो, काटकोनात वळवला की वर येतो. कार्यक्रम होईपर्यंत मी तो हातात धरून बसतो. ती माझ्याकडे बघत असते.

१८ डिसेंबर

नवे-जुने सेल एकत्र घालू नयेत, असं मीच दरवर्षी लिहितो. आज घातले. भोजराजचं दुकान बंद होतं.

३ जानेवारी १९८०

सूज पोटऱ्यांपर्यंत चढली. आता थांबण्यात अर्थ नाही. कार्यक्रम सुरू असतानाच तिला सांगितलं — उद्या नागपूरला जातो, रेडिओ केंद्रावरूनच निर्मलाला घेऊन येतो. दादाजींना काय वाटायचं ते वाटो.

ती म्हणाली, "तिथं नाई भेटणार जी ते."

का, विचारलं.

"हे आपली निर्मला नोहे. मले पहिल्याच दिवशी समजलं. पोरीचा आवाज मायले समजत नाई काय?"

दोन महिने मी तारा ओढतोय, सळईला पाणी घालतोय! मग सांगितलं का नाही?

"कसं सांगू? तुमी तिले आयकाले बसत होते. सहा वर्षांत पहिल्यांदा." थोडा दम घेतला. "मले तेवढंच पुरलं."

रेडिओ चालूच होता. बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

पोर कुठे आहे, सत्यवतीलाही माहीत नाही. भोजराजकडे जाऊन आलो. त्या गिऱ्हाइकाने आवाजावरून नुसता अंदाज केला होता. नागपूर एवढं मोठं, आणि लग्नानंतरचं तिचं आडनावसुद्धा आम्ही कोणी विचारलेलं नाही.

५ जानेवारी

सत्यवती पहाटे गेली.

कोणाकोणाले सांगणं धाडायचं, दादाजींनी विचारलं. मी म्हटलं, आधी निर्मलाला. त्यांनी खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, "पत्ता सांग."