लग्नाच्या चोळीचे कागद

चामोर्शी, ७ फेब्रुवारी १९५५

आज बाजार. पोतं अंथरून बसले. रोजच्या पोलक्यांचे, कापड बेतायचे कागद सगळे गेले. लग्नाच्या चोळीचे जसे नेले तसे परत आणले. एका बाईने एक उचलला होता. पाठ-समोर जुळवून पाहिलं, माझ्या पोरीच्याच अंगाचा आहे म्हणाली. सोबतचीने कोपराने ढोसलं. मग, "ठेव वो बाई, मंग नेतो."

मागच्या साली हेच कागद पुरत नव्हते. तेव्हा आमचे हे होते.

८ फेब्रु.

घरीच. दोन-दोन कागद खळीने चिकटवून वाळत टाकले. नवा गळा काढला, बरा जमला. दाखवायला कोणी नाही.

यांच्या शिवणाच्या दुकानात बाया माप द्यायला लाजत. पायरीवर उभ्या राहायच्या आणि निघून जायच्या. तेव्हा हे म्हणाले, तू कागद कापून दे, त्या घरी बसून हाताने शिवतील. बायांना वाचता येत नाही म्हणून लहान मापाला एक भोक, मधल्याला दोन, मोठ्याला तीन, हेही यांनीच सुचवलं. दुकान आता मोठ्या दिरांकडे. मशीनही तिकडेच.

१३ फेब्रु.

दुपारी थोरल्या जाऊबाई आल्या. लग्नाचे कागद त्या बाजारात घेऊन बसतील म्हणाल्या. "तुह्या हातचे कोणी नेणार नाई, सुमन. पांढऱ्या कपाळाचा हात लग्नाले चालत नाई, हे काय मी तुले सांगावं? कापणं तुहं, बसणं माहं. तुहं नाव नाई घेत."

खोटं नाही बोलल्या. दिले.

देताना सांगितलं की कागद नेमका अंगाच्या मापाचा आहे, शिलाईची माया त्यात नाही. प्रत्येकीला सांगा, कापताना चहूकडून एक बोट कापड जास्त सोडायचं. मी नेहमी बोट लावून दाखवते. "होय वो, मले काय शिकवतं," म्हणाल्या. घाईत होत्या.

१४ फेब्रु.

सगळे गेले. जाऊबाईंनी रिकामं पोतं माझ्यासमोर झटकलं.

१९ फेब्रु.

विहिरीवर दोघी बोलत होत्या. थोरलीच्या हाताला काय गुण आहे, गळा पाहा कसा काढते. माझ्याकडे बघून एक म्हणाली, तू बी शिकून घे वो तिच्यापासून. मी घागर भरली आणि आले.

चिडायचं नाही असं ठरवलं होतं.

३ मार्च

आज यांची तिथी. पान ठेवलं. कावळा लवकर शिवला. यांना कशाचीच घाई नसायची, आज एवढी…

मोहफुलं पडायला लागली. बाया पहाटे रानात जातात, गल्ली रिकामी.

१२ मार्च

तळ्यावरच्या सोनाबाई आल्या होत्या. मासे घेऊन येतात तशा मागच्या दारी नाही, पुढच्या दारी. बसा म्हटलं, बसल्या नाहीत.

त्यांच्या पोरीचं लग्न झालं, पोंभुर्ण्याला दिली. हळदीच्या दिवशी चोळी अंगात शिरेना. वऱ्हाड दारात, पोर रडते, शेवटी बगलेत उसवून दुसऱ्याच कापडाचं ठिगळ लावलं. सासरच्या बायांनी पाहिलं. सोनाबाई जाऊबाईंकडे जाब विचारायला गेल्या, तर त्यांनी सांगून टाकलं की कागद सुमनचा होता, मी नुसती बसली होती.

"माह्या पोरीच्या हळदीले तुहा हात लागला. मले माहीत असतं तर म्या नेला असता का?"

मी विचारलं, कापताना चहूकडून एक बोट माया सोडली होती का?

"कोणी सांगतलं?"

आत जाऊन त्याच मापाचा कागद आणला. जुन्या धडप्यावर ठेवला, बोट लावून दाखवलं. मग माया न सोडता शिवलं तर अंगावर किती उरतं तेही दाखवलं. सोनाबाई बराच वेळ बघत होत्या. त्यांना कळलं. जन्मभर जाळी विणणारी बाई, मापातलं न कळायला काय झालं.

म्हणाल्या, "समजलं वो मले. पण पोरीच्या सासूले कोण समजावन? तिले तर तुहंच नाव समजलं."

जाताना दार ओढून घेतलं त्यांनी. हळूच.

१४ मार्च

बाजार. रोजच्या पोलक्याचाही एक कागद गेला नाही. बाया पोत्याला वळसा घालून चालत होत्या, जसं काही सांडलेलं आहे. मिरची विकणारी शेजारीण म्हणाली, "थोडी लांब सरक वो बाई, माह्याकडं बी कोणी येऊन नाई राह्यलं." सरकले.

चांगलं झालं तेव्हा हात थोरलीचा. बिघडलं तेव्हा माझा.

२१ मार्च

बाजारात गेले नाही.

२६ मार्च

जाऊबाई आल्या. जणू मधे काही झालंच नाही. अखाजीची, अक्षय्य तृतीयेची लग्नं आली, कागद हवेत. "या खेपेले मायेसगट काप, म्हणजे सांगाचं कामच नाई." मोठे दीर मशीन द्यायचं म्हणतात, घरी बसून शिवत जा, असंही म्हणाल्या. दारोदार बदनाम होण्यापेक्षा बरं.

मी म्हटलं, कागद देते, मायेसकट देते. पण बाजारात चार बायांसमोर एवढं सांगा की सोनाबाईंना माया सोडायचं सांगायचं राहिलं होतं. माझ्या हाताने काही झालं नाही.

"मले काऊन सांगाले लावतं? लोक हासतीन मले."

"मला हसत नाहीत, जाऊबाई. मला वळसा घालतात."

त्या पदर सारखा करत बसल्या. मग म्हणाल्या, "तू शिकली हायस म्हणून बोलतं. उद्या सांग मले."

२७ मार्च

सकाळी त्यांनी निरोप धाडला, काय ठरलं म्हणून. "पाहते," एवढंच मी उलट कळवलं.

कागद नाही दिले तर दुसरं काय करणार. दिले तर हे कागद कधी माझे होते, हे पुन्हा कोणी म्हणणार नाही. यांनी आखलेलं आणि मी कापलेलं, सगळं थोरलीचं. मशीन मात्र घरात येईल. त्यावर बसायची सवय यांना होती, मला…

ऊन फार. रांजणातलं पाणी संपलं होतं. दोन खेपा आणल्या. अंबाडीची भाजी निवडली, भात टाकला, जेवले. ताट घासून भिंतीला टेकवून ठेवलं.