नाण्यावरचा तीळ

गुरुवार, दिवेलागण, सोलापूर

असं झालंच कसं? आण्णांच्या वर्षश्राद्धाला भावंडांना द्यायला त्यांच्या चेहऱ्याची चांदीची नाणी पाडायची, म्हणून आठवडाभर ठसा कोरत होतो. ठशात सगळं उलटं कोरायचं, तेव्हा नाण्यावर सुलटं उमटतं. हे आण्णांनीच शिकवलं. वीस वर्षांत मी एकदाही चुकलो नाही.

आज पहिलं नाणं पाडलं. नाव बरोबर उमटलं. पण तीळ उजव्या गालावर! आण्णांचा डाव्या गालावर होता. म्हणजे अक्षरं उलटी कोरली, आणि चेहरा मात्र आठवला तसाच कोरत गेलो.

लाजतच नाणं आईला दाखवलं. तिने ते दिव्याजवळ नेऊन बघितलं.

"आसंच तर दिसायचे की," म्हणाली. "ते दाढी करताना मी मागं हुबी असायची. आरशात तीळ हिकडंच यायचा."

ठसा नव्याने कोरायला हवा. पण तो तीळ! म्हणजे हे नाणं आरसाच झालं. आणि आरशात दिसणारा माणूस समोर नसतो, आपल्याच बाजूला उभा असतो.

मघापासून नाणं हातात धरून बसलोय. मागे वळून बघायचा धीर होत नाही.