आबांचा सत्कार

आये,

तू गेल्यापासून असलं कुणाला सांगावं कळत न्हाई, म्हणून लिवतेय.

एकाहत्तरच्या लढाईत तोफांच्या आवाजानं आबांचे कान गेले. तवापासून ते दर सालच्या माजी सैनिकांच्या सत्काराला कधी गेले न्हाईत. "ऐकूच येत न्हाई, नुसतं बसून काय करू?" म्हणायचे.

यंदा वडिवळ्याच्या शाळेतल्या पोरी त्यांना हाताला धरूनच घेऊन गेल्या. शाल घातली, पर टाळी कुणीच वाजवली न्हाई. तेवढ्यात सगळ्या पोरींनी दोन्ही हात वर करून हलवले. बहिऱ्या माणसांसाठी अशाच टाळ्या असतात, हे त्यांना बाईंनी शिकवलं हुतं.

आबा बघतच राहिले. मग त्यांनीबी हात वर केले.

घरी येताना म्हणाले, "शालू, पुढल्या सालीबी जाऊ. जरा लवकर निघू."

तुझी लेक,
शालू