डांबर संपते तिथून पुढे

मी, वरच्या वाडीची साखळीकाकू, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्याच दिवशी त्यांची गाडी मी चिखलातून ओढून काढली, तरी दाखला खरा समजावा.

खालच्या गावाला कालवा आहे, दिवसा वीज आहे, दूध थंड ठेवायचे केंद्र आहे. डांबरी रस्ता मात्र माझ्या शेताच्या फाटकापाशी संपतो. पुढे माझ्या घरापर्यंत आणि वर वाडीपर्यंत चिखल. रस्त्याचे इंजिनिअरसाहेब म्हणतात, "काकू, वर माणसंच किती राहिलीत?" अहो, रस्ता नाही म्हणून माणसे जातात, आणि माणसे नाहीत म्हणून रस्ता येत नाही!

१. ट्रॅक्टर आणि रुतलेल्या गाड्या ओढायची लोखंडी साखळी सुनेला. मुलाला नाही, कारण त्याला ट्रॉली लावून मागे घेता येत नाही. त्याने रागावू नये, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. साखळीचा नियम मोडू नये: रुतलेल्याकडून पैसा घ्यायचा नाही, त्याने परतताना वाडीच्या दुधाचे कॅन खालच्या केंद्रावर पोचवायचे. एकदा नवरानवरीच्या गाडीतूनही कॅन गेले आहेत.

२. घर आणि गोठाही सुनेलाच. मुलगा खाली पंप दुरुस्त करतो आणि सारखा म्हणतो, "आई, विकून टाक ना. इथेच मरायचंय का तुला?" हो बाळा, इथेच. पण तुझी बायको खाली गेली तर हा गोठा मोडेल आणि मागोमाग उरलेली घरेही उठतील, याची मला खरी भीती वाटते. ती राहते म्हणाली आहे. तू तिला साथ दे.

३. बांधालगतची पट्टी रस्त्यासाठी, फुकट. "जागा कुठाय?" हे साहेबांचे शेवटचे कारण होते. घ्या.

४. खालच्या गावच्या माझ्या जावेला माझे गमबूट. "वरच्यांना सवय आहे चिखलाची," असे ती भर बैठकीत म्हणाली होती. बूट घालून एकदा वर यावे. चहा मिळेल.

५. माझी नात त्याच चिखलात, ट्रॉलीत जन्मली. नर्सबाईंनी भर पावसात ताडपत्रीखाली तिला जगात आणले. तिला सगळे ट्रॉली म्हणतात, मीही म्हणते आणि हसते. पण त्या दिवशी मी फार घाबरले होते. पुन्हा कोणाच्या लेकराचा जन्म तिथे होऊ नये.

६. माझ्या अंत्ययात्रेला साहेबांना आग्रहाने बोलवावे. जीप रुतणारच. सूनबाई, ओढून काढ. नियम तोच, साहेब म्हणून सूट नाही, कॅन मोजून दे.

७. रस्ता माझ्या आधी झाला तर कलम सहा रद्द. मग साखळी घासूनपुसून ट्रॉलीसाठी झोपाळा बांधावा. पहिला झोका मात्र मी घेणार आहे. तेव्हा साहेब, जरा घाई करा.

साक्षीदार: वाडीचा सुतार, नर्सबाई (गमबूट घालून हजर).

सही: साखळीकाकू

ठिकाण: डांबर संपते तिथून पुढचे पहिले घर.
दिनांक: खालच्या गावच्या रस्त्यावर दुसऱ्यांदा डांबर पडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी.