उन्हाळी टायर

सोमवार, १२ जानेवारी

आज गाडीने माझं ऐकलं नाही. आमच्या गल्लीच्या बर्फाळ उतारावर ब्रेक दाबला, तर चाकं थांबली आणि गाडी चालतच राहिली! मागची बाजू फिरून पुढे आली, आम्ही रस्त्यात आडवे, आणि खालून बस येत होती. बसवाल्याने लांबूनच बघितलं म्हणून वाचलो. सुप्रभा शेजारी पर्स धरून बसली होती. ओरडली नाही, काही नाही. "अहो, थांबली का एकदाची?" एवढंच म्हणाली.

एडिनबराजवळ पेनिकुकला घर घेतलं ते टेकड्या दिसतात म्हणून. टेकड्या दिसतात म्हणजे उतारही असणार, हे तेव्हा सुचलं नाही. टायर उन्हाळी. इथे विंटर टायरची सक्ती नाही, बर्फ दोन दिवस पडतो आणि वितळतो — हे मीच सगळ्यांना ऐकवत आलो. यंदा वितळायचं नाव नाही.

सुप्रभाच्या किडन्या गेल्यात. सोम, बुध, शुक्र एडिनबराला डायलिसिस, तिथलं मशीन तिचं रक्त धुतं. ते चुकवून चालत नाही. म्हणजे गाडी निघालीच पाहिजे. बाकी सगळं नंतर.

मंगळवार, १३ जानेवारी

टायरवाल्याकडे गेलो. माझ्या मापाचे विंटर टायर नाहीत, पुढच्या सोमवारी येतील. अख्ख्या गावाला आत्ताच जाग आलीय, आणि मलाही.

देविकाचा ब्रॅकनेलहून फोन. "बाबा, पेशंट ट्रान्सपोर्टला रिंग कर ना. दे हॅव फोर-बाय-फोर्स. आई सेफ राहील." या पोरीला काय सांगणार? त्या हॉस्पिटलात मी जन्मभर लोकांची हाडं जोडली. आता तिथेच फोन करून सांगू, की आम्हाला न्यायला गाडी पाठवा? ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी असते ती. सुप्रभाला मी आहे. "हा तुझा इगो आहे, बाबा," म्हणाली. कसला इगो! मला भीड वाटते. हे तिला समजावण्यात अर्थ नाही.

सुप्रभापण म्हणाली, "कशाला उगाच कुणाला त्रास." आम्ही दोघं याच एका वाक्यावर वाढलो. कांदा संपला तरी आमच्या आया शेजारी मागायला लाजायच्या.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. रात्रभर बर्फ पडला. सकाळी अंगण कुठे संपतं आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळेना. फावड्याने वाट केली, मीठ टाकलं, सुप्रभाला गाडीत बसवलं. चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. जुनी सतरंजी चाकाखाली घातली, तर ती मागे भिरकावली गेली आणि गाडी उलटी घसरत फाटकाला टेकली. मी खाली उतरून शिव्या घातल्या. मराठीत, म्हणून शेजाऱ्यांसमोर चालून गेल्या. बघतो तर सुप्रभा आत बसून हसतेय! मला संताप आला. तुझ्या जिवासाठी चाललंय हे सगळं, म्हटलं. ती हसायची थांबली.

डायलिसिस युनिटला फोन केला. नर्स म्हणाली, आज नका येऊ, उद्या सकाळी सोय करते, पाणी आणि खाणं सांभाळा. मग विचारलंच — "ट्रान्सपोर्ट का नाही मागितला?" बघू म्हटलं.

सुप्रभाने बूट काढले, जाड लोकरीचे कपडे उतरवून ठेवले आणि इरकल नेसून आली. खिडकीशी बसली. दुपारी तिळगुळाची एक वडी तोंडात टाकली. तीळ, गूळ, दोन्ही तिला वर्ज्य. "अगं!" म्हटलं. "घ्या, गोड बोला," म्हणून मलाही एक दिली. मग माहेरच्या गच्चीवरच्या पतंगांच्या गोष्टी. हात हलवून, आवाज काढून सांगत होती. संध्याकाळपर्यंत सुईचं नाव नाही, मशीनचं नाव नाही. मी मात्र सारखा तिची पावलं दाबून सूज बघत होतो.

गुरुवार, १५ जानेवारी

लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

पहाटेपासून तिला धाप. आडवं होता येईना. फुप्फुसात पाणी उतरतंय हे माझ्यासारख्या हाडांच्या डॉक्टरलाही कळतं. तेव्हाच ॲम्ब्युलन्स बोलवायला हवी होती. फोन हातात घेतला होता. परत ठेवला. खालच्या मोठ्या रस्त्यावर मीठ टाकलेलं दिसत होतं, तेवढी गल्ली उतरलो की झालं, असं मनाशी म्हटलं.

गल्ली उतरलीच नाही. पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता, मुंगीच्या पावलाने चाललो होतो. कोपऱ्यावर स्टिअरिंग वळवलं, चाकं वळली, गाडी सरळ गेली. दगडी भिंत. तिच्या बाजूने.

तिचं दार उघडेना. मी माझ्या बाजूने हात घालून तिला ताठ बसवून धरलं, ती मासळीसारखी तोंड उघडून श्वास घेत होती. "सुप्रभा, सॉरी," म्हणत राहिलो. तिला बोलता येत नव्हतं. तिने माझा हात थोपटला. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईने फोन केला. मी केला नाही — आज तरी माझा हात मोकळा नव्हता म्हणून.

वॉर्डातल्या जुन्या सिस्टरने मला ओळखलं. "मिस्टर पाटणकर, यू शुड हॅव कॉल्ड अस." रागावलीसुद्धा नाही. आणि हिला फोन करायचीच मला इतकी धास्ती होती.

शुक्रवार, १६ जानेवारी

ठेवून घेतलंय. खांदा काळानिळा, हाड शाबूत. श्वास बरा. देविकाला सगळं खरं सांगितलं. ती रडली.

सोमवार, १९ जानेवारी

सुप्रभा शनिवारी घरी आली. आज ट्रान्सपोर्टची गाडी आली — फोन मीच केला होता. ड्रायव्हर तिला हाताला धरून घेऊन गेला, चारला आणून सोडलं. काही आकाश कोसळलं नाही. तेवढ्या वेळात मी चारी टायर बदलून आणले. चेपलेलं दार अजून तसंच आहे, पण गाडीने उतारावर पाय रोवले. मुद्दाम तीनदा वर-खाली केलं. सगळ्या आठवड्यात पहिल्यांदा घास गोड लागला. आता काळजी नाही. मार्चपर्यंत बर्फ पडला तरी पडो.

बुधवार, २१ जानेवारी

बर्फ सगळा गेला. गाडी दारात लावून आत आलो, तर सुप्रभा अनवाणी बसलेली. मी बूट पुढे केले. म्हणाली, "अहो, राहू द्या. मी आता नाही येणार."

ट्रान्सपोर्ट बोलावतो म्हटलं. नवे टायर आहेत, रस्ता कोरडा आहे म्हटलं. "रस्त्याची भीती नाही हो मला. कंटाळले मी. संक्रांतीला मशीनपासून सोडलंत तसं सोडा आता."

यानंतर किती दिवस, हे मला कुणी सांगायला नको. युनिटला कळवायला हवं. अजून फोन केलेला नाही. तिच्याशेजारी बसून लिहितोय.